क्षणाचा हिशेब

कोरीटसारख्या गावी मैदानावर खो-खोचा डाव रंगात येतो. पाठीवर खो मिळताच बसलेला गडी उठून धावतो. स्पर्श आणि धाव यांत क्षणाचेही अंतर नाही, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु अंतर असते, आणि ते मोजण्याची वाट हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवली.

त्याचा जन्म १८२१ साली पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक, मिळकत बेताची. मुलाला पदार्थविज्ञानाची ओढ, पण त्या शिक्षणाचा खर्च झेपेना. तेव्हा सैन्यात वैद्य म्हणून चाकरी करण्याच्या अटीवर तो सरकारी खर्चाने बर्लिनला वैद्यक शिकला. तेथील त्याचे गुरू योहानेस म्युलर हे मोठे शरीरशास्त्रज्ञ. मज्जातंतूंतून धावणाऱ्या संदेशाचा वेग मोजण्याचे साधन मनुष्याला कधीच लाभणार नाही, असे त्यांचे मत होते.

शिष्याने ते साधन शोधले, आणि तेही बेडकाच्या पायात! कोनिग्सबर्ग येथे प्राध्यापक झाल्यावर त्याने बेडकाचा एक स्नायू मज्जातंतूसह वेगळा काढला. तंतूला विजेचा धक्का देताच दुसरा एक विद्युत्प्रवाह सुरू होई. स्नायू आकसून वजन उचली, की तो तुटे. मधल्या वेळात चुंबकसूची किती ढळली, यावरून काळ कळे. धक्का स्नायूपासून दूर दिला, तर सेकंदाचे एकदोन हजारांश अधिक लागत. त्यावरून वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे वेगवान आगगाडीइतकाच! या प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यास त्याची पत्नी ओल्गा हातभार लावी.

१८५० साली हा निष्कर्ष बर्लिनमध्ये वाचला गेला, तेव्हा अनेकांना तो उमगला नाही. खुद्द वडिलांनाही पटेना. विचार आणि कृती एकाच वेळी घडतात, अशी त्यांची धारणा होती. हेल्महोल्ट्झ डगमगला नाही. त्याने माणसांवर प्रयोग केले. त्वचेला हलका धक्का जाणवताच हात हलवायचा, एवढेच काम. पायाच्या अंगठ्याला धक्का दिला, तर चेहऱ्यापेक्षा वेळ अधिक लागे. संदेश पोहोचल्यापासून हुकूम सुटेपर्यंत मेंदू स्वतःच सुमारे दशांश सेकंद घेई. मन सावध असले तर हात वेळेवर हले. लक्ष विचलित झाले, की उशीर होई.

पुढे डॉन्डर्स या डच वैद्याने हेच सूत्र धरले. कोणत्या पायाला धक्का बसणार हे आधी ठाऊक नसेल, तर त्याच बाजूचा हात हलवण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग अधिक लागतो, असे त्यास आढळले. मेंदू आधीच तयारीत असला, की तेवढा वेळ वाचे.

हेल्महोल्ट्झने डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरणही बनवले, दृष्टी व श्रवण यांवर ग्रंथ लिहिले. १८९४ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबर्ग येथे त्याचे निधन झाले.