अंधांचा शिक्षक व्हॅलेंटिन हाउई

अंध मनुष्याच्या हातांत पैसा ठेवणारे दयाळू लोक सर्व देशांत व सर्व काळीं आढळतात. परंतु त्याच्या हातांत पुस्तक ठेवण्यासाठीं ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्या पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घेण्यासारखें आहे.

व्हॅलेंटिन हाउई याचा जन्म १७४५ सालीं फ्रान्स देशाच्या पिकार्डी प्रांतांत एका विणकराच्या घरीं झाला. त्याचा वडील बंधु पुढें स्फटिकशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झाला. व्हॅलेंटिनची बुद्धि भाषांकडे वळली, आणि पॅरिस शहरीं परकीय भाषांतील कागदपत्रांचीं भाषांतरें करून तो आपला चरितार्थ चालवूं लागला.

१७७१ सालीं तेथील एका जत्रेंत त्यानें एक विलक्षण देखावा पाहिला. टोंकदार टोप्या घातलेले व डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे लावलेले कांहीं अंध भिकारी बेसूर वाद्यें वाजवीत होते. संगीताचे कागद त्यांच्यापुढें मुद्दाम मांडून ठेविले होते आणि भोंवतालचे लोक पोट धरधरून हंसत होते. हाउईस मात्र हंसूं आलें नाहीं. ह्या लोकांस खरोखरच वाचावयास शिकवून ही थट्टा खोटी पाडावयाची, असा निश्चय त्यानें मनाशीं केला.

निश्चय कृतींत उतरण्यास तेरा वर्षें लागलीं. १७८४ सालीं एका चर्चच्या दाराशीं फ्रांस्वा लेझ्यूर नांवाचा अंध तरुण भीक मागत असतां त्यास भेटला. शिकण्यांत वेळ गेला तर भिक्षा बुडणार. म्हणून तेवढी रक्कम हाउईनें स्वतःच्या पदरची देण्याचें कबूल केलें. अक्षरांचे ठोकळे चांचपून लेझ्यूर वाचूं लागला. एके दिवशीं मेजावरील कागद चाळतांना एका जाड पत्रिकेवर उठलेलें अक्षर त्यानें बोटांनींच ओळखलें. तेव्हां ओल्या जाड कागदावर ठसे दाबून उठावदार अक्षरांचीं पुस्तकें छापण्याची युक्ति हाउईस सुचली. पुढील वर्षीं त्याची शाळा सुरू झाली. १७८६ सालीं तिच्यांतील मुलांनीं व्हर्सायच्या राजवाड्यांत सोळाव्या लुई राजासमोर आपली विद्या दाखविली.

परंतु लवकरच देशावर मोठें वादळ आलें. १७८९ सालीं राज्यक्रांतीस आरंभ झाला. अनेक धनवान लोक देश सोडून गेले, आणि ज्या राजानें मुलांचें कौतुक केलें होतें, त्याचाच १७९३ सालीं शिरच्छेद झाला. १७९१ सालीं राष्ट्रसभेनें शाळा सरकारी आश्रयाखालीं घेतली होती खरी. पण कागदी चलनाची किंमत दिवसेंदिवस उतरत होती. शिवाय अंध व मुकबधिर अशा दोन्ही शाळा एकाच जुन्या मठांत ठेवण्यांत आल्या. एकांची भाषा खुणांची, दुसऱ्यांची आवाजाची. त्यांचें जमावें तरी कसें? अशा स्थितींतहि अंध विद्यार्थी छपाईचीं कामें करीत राहिले व शाळा तगून राहिली.

हाउई स्वतः राजकीय चळवळींत ओढला गेला आणि त्याची झळ त्यास पुढें लागली. नेपोलियनच्या अमदानींत शाळा अंधांच्या एका जुन्या आश्रमास जोडण्यांत आली. शिकण्यासाठीं आलेलीं मुलें पुन्हां आश्रितांच्या गर्दींत सांपडलीं. हाउईस ही गोष्ट मुळींच रुचली नाहीं. १८०२ सालीं त्याला आपली जागा सोडावी लागली.

तो साठीला आला होता. तरीहि रशियाच्या अलेक्झांडर बादशहाचें बोलावणें येतांच, १८०६ सालीं तो सेंट पीटर्सबर्ग येथें शाळा काढण्यास निघाला. वाटेंत बर्लिन येथें त्यानें आपली पद्धति दाखविली व त्याच सालीं तेथेंहि अंधांची शाळा निघाली. रशियांत मात्र, ह्या देशांत अंध नाहींतच, असें त्यास सांगण्यांत आल्याची कथा प्रसिद्ध आहे. तरी तो खचला नाहीं. तेथें त्यानें सुमारें अकरा वर्षें काम केलें.

१८१७ सालीं थकून तो पॅरिसला परतला, तेव्हां पूर्वीच्या राजकारणामुळें त्याच्याच शाळेचा दरवाजा त्यास बंद होता. पुढें मुख्याधिकारी बदलले, आणि १८२१ सालीं विद्यार्थ्यांनीं त्याच्या सन्मानार्थ गायनवादनाचा समारंभ केला. पुढील वर्षीं मार्च महिन्यांत त्यानें देह ठेविला.

त्या शाळेंत ह्या समारंभाच्या वेळीं लुई ब्रेल नांवाचा बारा वर्षांचा अंध मुलगा शिकत होता. हाउईच्या पुस्तकांतील अक्षरें मोठीं, वाचन संथ, आणि अंधास स्वतः लिहितां येणें कठीण. ह्या उणीवा ब्रेलच्या बोटांना जाणवल्या व त्यानें सहा टिंबांची लिपि तयार करून १८२९ सालीं प्रसिद्ध केली. भारतांत १९५१ सालीं मान्य झालेली भारती ब्रेल ह्याच टिंबांची आहे, आणि तिच्यांतून आज आपल्याकडील अंध मुलें मराठी वाचतात. गुरूची पद्धति मागें पडली; परंतु ती मागें टाकणारा शिष्य त्याच्याच शाळेंत वाढला, हें शिक्षकाचें केवढें भाग्य!

विद्यार्थिमित्रहो, हाउईच्या हयातींत राजे गेले, राष्ट्रसभा गेली, बादशहा आला आणि गेला. त्यानें लावलेलें रोप मात्र जगलें. भिक्षा त्यानेंहि दिली. पण ती शिकण्याच्या वेळेचें मोल म्हणून दिली. आपणांस कोणा अंधास कांहीं द्यावेंसें वाटलें, तर ह्या भिक्षेची आठवण ठेवावी.