उसाची गुणसूत्रे मोजणाऱ्या जानकी अम्माळ

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी तालुक्यांत पोहोचले आणि ज्वारी-कपाशीच्या शिवारात ऊस उभा राहिला. जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या 'को ८६०३२' या वाणातील 'को' म्हणजे कोइमतूर. तेथील ऊस पैदास संस्थेत १९३४ ते १९३९ या काळात डॉ. जानकी अम्माळ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उसाची गुणसूत्रे मोजली. उसाचा डीएनए वाचणे आणि बदलणे आजही इतके कठीण का, याचे मूळ त्या मोजदादीत सापडते.

जानकी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळमधील तलश्शेरी येथे झाला. मद्रासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकून त्या बार्बर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये तेथूनच त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अविवाहित, त्यातून तिय्या समाजातील स्त्रीने त्या काळी हा मार्ग धरणे सोपे नव्हते.

कोइमतूरचा ऊस हा दोन कुळांचा संकर. जाड, गोड उसात ८० गुणसूत्रे, तर नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांनी फुलणाऱ्या काश गवतात ४० पासून १२८ पर्यंत. काशाने काटकपणा दिला, गोडी मात्र उसाची राहिली. या संकरात आई निम्मी नव्हे, तर आपली सर्वच्या सर्व गुणसूत्रे पिलाला देते, ही आणखी एक गंमत. परिणामी आजच्या उसाच्या पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रांची गर्दी असते. जानकी यांनी तर उसाचा मक्याशीही संकर घडविला. १९३८ मध्ये 'नेचर'मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली.

माणसात प्रत्येक जनुकाच्या साधारण दोन प्रती असतात, उसात आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक. डीएनए तुकड्यातुकड्याने वाचला जातो. सारख्याच दिसणाऱ्या प्रतींतला कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्राचा, हेच कळेनासे होते. एकाच पोथीच्या दहा हस्तलिखितांची पाने विस्कटावीत तसे. मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले. संकरित उसाच्या 'आर ५७०' या वाणाचा सविस्तर आराखडा २०२४ उजाडल्यावर हाती आला. संपादनाची अडचण त्याहून मोठी. एक प्रत कापली तरी उरलेल्या प्रती काम चालू ठेवतात. २०२१ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी पानांच्या हिरवेपणाशी निगडित एका जनुकाला लक्ष्य केले, तेव्हा त्यांना ४९ प्रतींशी झुंजावे लागले.

जानकी १९४० मध्ये लंडनच्या जॉन इनेस संस्थेत रुजू झाल्या. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे विस्ली येथील उद्यानात त्यांनी मॅग्नोलियावर काम केले. त्यातील एका फुलझाडाला त्यांचेच नाव आहे. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेसाठी मायदेशी परतल्या.

वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी केरळमधील सायलेंट व्हॅलीतील जलविद्युत प्रकल्पाला विरोध केला. मद्रासजवळच्या मदुरवॉयल येथील प्रयोगशाळेत त्या अखेरपर्यंत राबत होत्या. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.