आधी बैल, मग नांगर

दिवाळीत राहुरीला मामांच्या बांधावरची वेडी बाभूळ काढायला 20 एचपीच्या ट्रॅक्टरला 5 फुटी रोटरी कटर लावला. इंजिन धापा टाकून बंद! तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, पण रंगांतला फरक नीट दिसेना. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून बेळगावला आले. आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली!

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1956 साली लक्ष्मणराव गेले.

त्यांचं कडबा यंत्र माणूस हाताने फिरवायचा, नांगर बैल ओढायचे. म्हणजे ताकद आधीच ठरलेली, यंत्र तिच्या मापाचं. आम्ही उलटं केलं. ढोबळ हिशेब असा, की कटरच्या दर फुटाला 5 एचपी हवी, तीही इंजिनावर लिहिलेली नाही, पीटीओला मिळणारी. आमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला जेमतेम 17 मिळत असेल. म्हणजे साडेतीन फुटी कटर पुरे.

मामा आता छोटा कटर बघतायत. मी मात्र यंत्राआधी त्याचा बैल विचारायला शिकलो.