हॅरी व्हार्डन आणि तीन जादा दिवस

सालाबादप्रमाणे स्मरणिकेसाठी लेख द्या असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही गोल्फ हा विषय सांगितला. ऐकणारे जरा थांबलेच. चवथीच्या अंकात भजन, नाटक, देवस्थान यांवर लिहायचे सोडून गोल्फ कशाला? शंका रास्त आहे. आमच्या आमोण्यात गोल्फचे मैदान नाही आणि आम्हीही ती काठी कधी हातात धरलेली नाही. पण मध्यंतरी पेडणे तालुक्यात तेरेखोलला गोल्फ मैदान होणार म्हणून बराच गाजावाजा झाला आणि जमिनी व कुळांवरून प्रकरण कोर्टात गेले. आम्ही पडलो सरकारी नोकर, त्या वादात आम्हाला बोलायचे नाही. मात्र हा खेळ आहे तरी काय, म्हणून तेव्हापासून हाताला लागेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता हॅरी व्हार्डन या माणसापाशी येऊन थांबलो.

खेळ सांगायला सोपा आहे. मैदानात अठरा ठिकाणी लहान भोके असतात. चेंडू काठीने मारत मारत त्या भोकांत क्रमाने घालायचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या, म्हणजे एकूण बहात्तर भोके. एवढे चालून, एवढे मारून शेवटी दोघांचे फटके सारखेच भरले तर? आपल्याकडे फुटबॉलमध्ये बरोबरी झाली की पेनल्टी घेतात आणि दहा मिनिटांत निकाल लागतो. त्या काळच्या ब्रिटिश ओपनमध्ये मात्र दुसरा दिवस काढून पुन्हा छत्तीस भोके खेळवीत. यालाच प्लेऑफ म्हणतात. व्हार्डन यांच्या वाट्याला असे तीन जादा दिवस आले.

त्यांचा जन्म ९ मे १८७० रोजी जर्सी बेटावरच्या ग्रूव्हिल या खेड्यात झाला. हे बेट ब्रिटिश राजसत्तेखालचे, पण फ्रान्सच्या किनाऱ्याला अधिक जवळ आणि आकाराने आपल्या डिचोली तालुक्याहूनही लहान. वडील माळीकाम करीत. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. हॅरी सात वर्षांचा असताना काही परके गृहस्थ मोजमापाची साधने घेऊन गावच्या सामायिक माळावर आले. आपल्याकडे कोमुनिदादची पडीक जमीन असते, तसलाच तो माळ. तिथे गोल्फ सुरू होणार हे कळल्यावर गावकरी चिडले. पण ते थांबवण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती. हे वाचताना आम्हाला तेरेखोल आठवल्याशिवाय राहिले नाही.

थोरांचा राग थोरांपाशी राहिला आणि पोरे त्या खेळाकडे ओढली गेली. काठ्या-चेंडू वाहून देणाऱ्याला कॅडी म्हणतात. गावातली पोरे चार पैशांसाठी साहेबांचे कॅडी झाली, त्यात हॅरीही होता. स्वतः खेळायचे तर सामान कुठले? आम्ही लहानपणी चुडताच्या बुंध्याची बॅट करीत असू, तसे त्यांनी आपले सामान आपणच बनवले. काटेरी झुडपाची सरळ फांदी दांड्याला, ओक लाकडाचा ठोकळा डोक्याला. ठोकळ्याला भोक पाडायचे ते तापवून लाल केलेल्या सळईने. चेंडू म्हणजे मोठी पांढरी गोटी. मैदानही त्यांचे त्यांनीच आखले, लहानसे. चांदणे पडले की रात्रीसुद्धा खेळ चाले.

शाळा लवकर सुटली. पुढे हॅरी घरकामाला, मग बागकामाला राहिला. एक मालक स्वतः गोल्फ खेळणारा निघाला आणि त्याने या माळ्याच्या पोराला खेळू दिले. पण खरी कलाटणी भावामुळे मिळाली. टॉम हा भाऊ आधी बाहेर पडून व्यावसायिक खेळाडू झाला होता. त्याने एका स्पर्धेत बक्षिसाची रक्कम मिळवल्याची बातमी बेटावर पोचली. टॉमला जमते ते आपल्यालाही जमेल, हे हॅरीने मनाशी घेतले आणि १८९० साली, विसाव्या वर्षी, त्याने जर्सी सोडली.

पहिली नोकरी कोणाकडे मिळाली हे वाचून आम्ही चकित झालो. यॉर्कशायरमधील स्टडली रॉयल या इस्टेटीवर नऊ भोकांचे मैदान होते आणि त्या इस्टेटीचे धनी होते लॉर्ड रिपन! हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय, १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाचे कर्ते. आपला गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, त्यामुळे रिपनसाहेबांचा आपल्याशी थेट संबंध आला नाही. पण शाळेच्या इतिहासात त्यांचे नाव आम्ही घोकले होते. त्यांच्या इस्टेटीवर गवत राखणारा एक तरुण पुढे जगातला पहिल्या प्रतीचा खेळाडू होणार होता, हे मात्र त्या पुस्तकात नव्हते.

नंतर लँकेशायरमधील बरी आणि १८९६ साली यॉर्कशायरमधील गँटन येथील क्लबात ते गेले. क्लबाचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. सभासदांना शिकवायचे, काठ्या दुरुस्त करायच्या, विकायच्या आणि स्वतःच्या खेळाला उरेल तेवढा वेळ द्यायचा. क्लबाच्या मुख्य इमारतीत त्याला सभासदासारखा प्रवेश नसे. ज्यांना आपण खेळ शिकवतो, त्यांच्या पंक्तीला आपण बसायचे नाही. ही रीत आपल्याला नवी नाही, म्हणून जास्त बोचते.

पहिला जादा दिवस १८९६ चा. स्कॉटलंडमधील म्युअरफील्डला ओपन स्पर्धा होती. जॉन हेन्री टेलर यांनी आधीची दोन वर्षे ती जिंकली होती. टेलरही गरीब घरातून, कॅडीच्या कामातून वर आलेले. शेवटच्या भोकापाशी व्हार्डन पोचले, तेव्हा चार फटक्यांत संपवले तर विजेतेपद आणि पाचांत संपवले तर बरोबरी असा हिशेब होता. भोकाच्या अलीकडे वाळूचा मोठा खड्डा होता. तो ओलांडून सरळ मारावे, तर चारांत जमले असते. खड्ड्यात पडले असते, तर सगळेच गेले असते. गर्दीतून जेम्स केय या व्यावसायिक मित्राने हातानेच खूण केली, अलीकडेच ठेव. व्हार्डन यांनी फटका आखूड ठेवला, पाचांत संपवले आणि दोघांचे ३१६ सारखे झाले. प्लेऑफच्या छत्तीस भोकांत पस्तिसाव्याअंती व्हार्डन दोन फटक्यांनी पुढे होते. आता ओलांडून मारण्यावाचून टेलर यांना गत्यंतर नव्हते. त्यांचा चेंडू त्याच खड्ड्यात पडला. व्हार्डन १५७, टेलर १६१. सव्वीस वर्षांच्या माळ्याच्या पोराचे हे पहिले विजेतेपद. ते मोठ्या फटक्यापेक्षा न मारलेल्या फटक्यामुळे मिळाले, असे आम्हाला वाटते.

पुढची वर्षे भराभर सांगतो. १८९८ व १८९९ ची ओपन त्यांनी जिंकली. १९०० साली एका कंपनीच्या चेंडूच्या जाहिरातीसाठी अमेरिकाभर हिंडून सामने खेळले आणि शिकागोला अमेरिकन ओपनही घेतली. टेलर, जेम्स ब्रेड आणि व्हार्डन या तिघांनी मिळून १८९४ ते १९१४ या एकवीस स्पर्धांपैकी सोळा जिंकल्या. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवून काठी धरण्याची पद्धत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती त्यांनी शोधली नव्हती, स्कॉटलंडचे हौशी खेळाडू जॉनी लेडले आधीपासून तशीच धरीत. पण जगाने ती व्हार्डन यांच्या हातात पाहिली.

घरी मात्र सुख थोडे. १८९१ साली जेसी ब्रायंट यांच्याशी लग्न झाले. पहिले मूल काही आठवड्यांतच गेले आणि त्या घरात पुन्हा मूल नांदले नाही. १९०३ साली प्रेस्टविकला चौथी ओपन जिंकताना शेवटच्या फेरीत त्यांना उभे राहणे कठीण झाले होते. त्या स्पर्धेत दुसरा आला तो भाऊ टॉम. थोड्याच दिवसांत रक्त पडू लागले आणि क्षय असल्याचे निदान झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न, पडून राहणे, एवढाच उपाय. नॉरफोकमधील मंड्सली येथील आरोग्यधामात त्यांना राहावे लागले. बरे होऊन ते परत आले, पण उजव्या हातात एक दोष राहिला. भोकाजवळ हलकेच चेंडू ढकलायचा, तेव्हाच नेमका हात झटका देई. दोनशे यार्डांचा फटका बिनचूक आणि दोन हातांवरचा चेंडू चुकतो, अशी ही विचित्र शिक्षा. कोणी दुसरा असता तर शिकवणीच्या पगारावर समाधान मानून राहिला असता.

आठ वर्षे ओपनने हुलकावणी दिली. मग १९११ साली सँडविच येथे दुसरा जादा दिवस उगवला. समोर आर्नो मासी, फ्रान्सच्या बास्क मुलखातला, हाही कॅडीपासूनच सुरुवात केलेला. १९०७ ची ओपन त्याने जिंकली होती. दोघांचे फटके ३०३. पण प्लेऑफमध्ये व्हार्डन इतके पुढे गेले की पस्तिसाव्या भोकावर मासीने हार मान्य केली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पाचवे विजेतेपद.

तिसरा दिवस २० सप्टेंबर १९१३ चा, अमेरिकेत बोस्टनजवळ ब्रुकलाइन येथे. व्हार्डन आणि जर्सीचेच टेड रे हे दोघे अमेरिकन ओपन खेळायला गेले होते. त्यांच्यापैकीच कोणी जिंकणार असे सगळे धरून चालले होते. पण चार फेऱ्यांअंती तिघे ३०४ वर. तिसरा होता फ्रान्सिस विमेट, वीस वर्षांचा हौशी खेळाडू. त्याचे घर मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे आणि लहानपणी त्याने तिथेच कॅडीचे काम केलेले. त्याच्या काठ्या वाहणारा एडी लोवरी तर अवघा दहा वर्षांचा. पावसाने मैदान भिजून गेले होते. येथे प्लेऑफ अठरा भोकांचा होता. सतराव्या भोकावर आले तेव्हा व्हार्डन एकाच फटक्याने मागे होते. रस्ता डावीकडे वळतो, तो वळसा कापून जवळून मारायचा धोका त्यांनी पत्करला. चेंडू वाळूत गेला. विमेटने ते भोक तीन फटक्यांत संपवले. विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८.

म्युअरफील्डला खड्ड्याअलीकडे थांबलेला माणूस येथे का थांबला नाही, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडला होता. उत्तर हिशेबातच आहे. तेव्हा थांबून बरोबरी हाती येत होती, आता थांबून काहीच हाती आले नसते. १८९६ साली टेलर ज्या जागी उभे होते, त्या जागी आता ते होते. समोर होता दुसऱ्या गावचा, मैदानाकाठचा गरिबाचा मुलगा. अमेरिकेत हा खेळ सामान्य घरांत शिरला, त्याला या पराभवाने मोठा हातभार लागला, असे तिकडचे लोक मानतात.

पुढच्याच वर्षी, महायुद्ध पेटण्यापूर्वी, प्रेस्टविकला टेलर यांना तीन फटक्यांनी मागे टाकून त्यांनी सहावी ओपन जिंकली. सहांचा तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. १९२० साली, पन्नाशीत, टोलेडो येथे अमेरिकन ओपनमध्ये ते शेवटच्या फेरीत आघाडीवर होते. इतक्यात सरोवराकडून जोराचा वारा सुटला, फटके वाढत गेले आणि एका फटक्याने विजेतेपद टेड रे यांच्याकडे गेले. त्याच स्पर्धेत यजमान क्लबाने व्यावसायिकांना आपल्या इमारतीत सन्मानाने प्रवेश दिला. खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. आम्हाला त्या स्पर्धेच्या निकालापेक्षा हे घड्याळच जास्त लक्षात राहिले.

लंडनच्या उत्तरेस टॉटरिज येथील क्लबात ते अखेरपर्यंत शिकवीत राहिले. २० मार्च १९३७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले आणि गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. त्याच वर्षापासून अमेरिकेत त्यांच्या नावाची ट्रॉफी सुरू झाली. ग्रूव्हिलच्या ज्या माळावर गावकऱ्यांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या होत्या, तिथे आजही गोल्फ चालतो. मैदानाच्या प्रवेशापाशी पुतळा आहे तो माळ्याच्या या मुलाचा.