नीरेकाठच्या क्षारांचा माग घेणारा रसायनज्ञ

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त मुलखाचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला, सासवडकडचे माळी शेतकरी पाण्यामागोमाग येथे आले, गुऱ्हाळे पेटली. पण पुढील पाव शतकातच काही शेतांवर पांढरा थर चढला. पाण्याने जेथे सोने पिकविले, तेथे गवतही तग धरीना. या थराचा शास्त्रीय शोध घेणाऱ्यांत अग्रणी होते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन. दख्खनच्या खेड्यांचे आद्य पाहणीकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मूळचे मात्र ते रसायनशास्त्रज्ञ.

१८७२ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. लीड्स येथे आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिक्षण घेतल्यावर ते रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या संशोधनकार्यात डॉ. व्होएल्कर यांचे साहाय्यक झाले. याच सुमारास सोसायटीच्या वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रात एक विलक्षण प्रकार उघडकीस येत होता. कारखान्यांतून येणारे अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे दिल्याने तेथील रेताड जमीन आम्लधर्मी झाली होती आणि गहू-बार्ली खुंटत चालली होती. चुना घातल्यावर पिके सावरली. कारखान्याचे रसायन जमिनीला वरदान ठरते तसे शापही ठरते, हे त्या पिढीच्या रसायनज्ञांनी डोळ्यांनी पाहिले.

१९०० मध्ये मॅन चहा उत्पादकांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून भारतात आले आणि १९०७ मध्ये पुण्यास प्राचार्य झाले. वि. अ. ताम्हणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर त्यांनी लिहिलेली पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली.

हा प्रश्न समजण्यासाठी पायाखालच्या काळ्या मातीकडे पाहावे लागते. खडक झिजून तयार झालेले क्षार जमिनीच्या पोटात असतातच. पाऊस कमी, त्यामुळे ते तेथेच पडून राहतात. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले बेसुमार पाणी यांमुळे भूजल वर चढते, क्षार त्यात विरघळतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. त्यांत सोडियम वाढला की चिकणमातीचे कण विस्कटतात, जमीन चोपण होते आणि तिच्यात पाणी मुरेनासे होते. अशा जमिनीत जिप्सम घातले, तर त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेला सोडियम वाहून जाण्यास चर नसेल, तर सारा खर्च वाया जातो. म्हणजे आधी निचरा, मग औषध. कालवा खणताना पाणी आणण्याचा जितका विचार झाला, तितका ते बाहेर काढण्याचा झाला नव्हता. सरकारी नोकरीत राहून सरकारच्याच कालव्याचे हे दुखणे अभ्यासाला घेणे त्या काळी सोपे नसावे.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग उघडला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा तो प्रारंभ होय.

मॅन यांची दृष्टी मातीपुरती राहिली नाही. पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये, तर ना. वि. कानिटकर यांच्यासमवेत केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. शेतांचे तुकडे आणि कर्जाचा बोजा यांचा हिशेब त्यांनी प्रयोगशाळेतील काटेकोरपणाने मांडला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मंडळीच्या पुणे शाखेच्या कामातही ते लक्ष घालीत. इलाख्याचे शेतकी संचालक म्हणून १९२७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते वोबर्नला परतले आणि १९५६ पर्यंत तेथील मातीवरच काम करीत राहिले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मॅन मायदेशी गेल्यानंतर काही वर्षांतच इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांच्या सांडपाण्यात क्षार असतात. ते प्रक्रियेविना रानात सोडले, तर जुन्या दुखण्यात नवी भर पडते. उलट साखर कारखान्यातील प्रेसमड कॅल्शियम व सेंद्रिय द्रव्यांमुळे चोपण जमिनीला उपयोगी पडते. क्षार, दुष्काळ अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये स्थापन झाली, तीही बारामतीजवळच्या माळेगाव खुर्द येथे.