फातेमाबाईंची लेक

आमच्या नातवाचा लंगोट बदलायचा म्हणजे दोघींचं काम. कात्रीसारखे पाय एकमेकांवर असे आवळून धरायचा, की सुनेच्या डोळ्यांत पाणी यायचं. वर्षाचा झाला तरी बसेना. आमच्या घनसावंगीत ज्यानं जे सांगितलं ते केलं. तेल, शेक, अंगारा, दृष्ट. मुलाची जात, उशिराच चालतो, हेही ऐकून झालं. शेवटी जालन्याला एका डॉक्टरांनी समजावलं, दोष पायात नाही, मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या हुकमात आहे. म्हणून स्नायू सैल पडतच नाहीत. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला.

त्याच दिवसांत फातेमा इस्माईल यांच्याविषयी वाचलं, आणि मैत्रिणींनो, बाई मनात घर करून बसली.

जन्म १९०३ चा. मुंबईच्या सोबानी घराण्यातल्या. भाऊ उमर सोबानी गिरणीमालक, गांधीजींचे सहकारी. १९२१ साली परळला विदेशी कापडाची मोठी होळी पेटली ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात. अशा घरात वाढलेल्या फातेमाबाईंच्या लेकीला तीन वर्षांची असताना पोलिओ झाला. १९४०च्या दशकातली गोष्ट. लस यायला अजून वेळ होता. साल्कची लस आली १९५५ मध्ये. पायातली ताकद गेली की गेली, असंच लोक समजत.

बाईंनी तसं समजून घेतलं नाही. मद्रासला डॉ. एम. जी. किनी नावाचे हाडांचे डॉक्टर आहेत असं कळलं, तर लेकीला घेऊन तिकडं गेल्या. एक-दोन दिवस नाही, कित्येक महिने राहिल्या. मुलीत फरक पडू लागला. पुढं पुण्यालाही उपचार घेतले. दुसरी एखादी आई इथं थांबली असती. देवाला नारळ फोडला असता, संपलं. मी तरी तेच केलं असतं!

पण यांच्या डोळ्यांसमोर इतर लेकरं होती. १९४७ साली मुंबईत चौपाटीवर डॉ. ए. व्ही. बाळिगांनी आपली जागा वापरायला दिली आणि तिथं पोलिओच्या मुलांचं क्लिनिक सुरू झालं. त्यातूनच संस्था उभी राहिली आणि हाजीअलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय झालं. १९५८ मध्ये पद्मश्री, १९७८ मध्ये राज्यसभा. १९८७ साली बाई गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, पोलिओचा आणि तुमच्या नातवाचा काय संबंध? मीही डॉक्टरांना विचारलं. पोलिओत पाय लुळा पडतो, आमच्या पोराचा कडक होतो. पण हालचाल नसेल तर दोन्हीकडं स्नायू आखडतात, सांधे धरतात. म्हणून रोजचा व्यायाम दोघांनाही चुकत नाही. शिवाय याच्यासाठी रात्रीचे स्प्लिंट, गरज पडली तर बॅक्लोफेनचं औषध, बोटॉक्सचं इंजेक्शन (त्याचा गुण तीन-चार महिने टिकतो, आणि तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा), अगदीच वेळ आली तर ऑपरेशन. मेंदूतली इजा भरून येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून सून दोन दिवस जेवली नाही.

शेकाला मात्र हसू नका. ऑस्ट्रेलियातल्या सिस्टर केनी पोलिओनं आखडलेल्या स्नायूंना लोकरीच्या गरम ओल्या पट्ट्यांनीच शेकायच्या. फरक एवढाच, की शेकल्यावर त्या पाय हलवून घ्यायच्या. आम्ही शेकून पांघरूण घालत होतो!

अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना असं मूल जरूर दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणी पुढं पाठवतात, पैसे लागत नाहीत. आम्हाला हे कळायला वर्ष गेलं.

नातू आता तीन वर्षांचा आहे. भिंतीला टेकून बसतो, वाटी धरतो. चालेल का, माहीत नाही. सुनेला मात्र त्याचे पाय हळूहळू कसे सोडवायचे ते पक्कं जमलंय. परवा पलीकडच्या गल्लीतली एक बाई तिची पोरगी कडेवर घेऊन ओट्यावर आली. पोरीचे पाय तसेच, कात्रीसारखे. आधी डॉक्टरांना दाखव, मी येते सोबत, असं सुनेनं तिला बजावलं. मग आत जाऊन चटई घेऊन आली.