सहाशे खिळे आणि एक पुराण

खरं सांगतो, फादर स्टीफन्स हे नाव मी एका मार्कापुरतंच पाठ केलं होतं. क्रिस्तपुराणाचा कर्ता कोण, एवढंच. परवा रूममेट घरी मराठीतून मेसेज टाकत होता, पण इंग्रजी अक्षरांत. मी जाम चेष्टा केली. शेजारी बसलेले लायब्ररीतले सर हसले आणि म्हणाले की फादर स्टीफन्सचं पुराण असंच छापलं होतं, जरा वाच. म्हणून वाचलं.

थॉमस स्टीफन्स १५४९ साली इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात जन्मले. त्या काळी तिथे कॅथलिक असणं धोक्याचं होतं. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, त्यांनी तिथेच काढलं, बहुतेक साष्टी भागात. चर्चमध्ये लोकांना धर्म शिकवायचा, हे रोजचं काम.

तिथेच नव्याने ख्रिस्ती झालेल्या एकाने त्यांना अडवलं. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही, असा त्याचा सवाल. ही हकिगत फादरनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. तक्रार रास्त होती. धर्म बदलला तरी माणसाची ओवीची गोडी कशी जाणार? फादरनी त्याला गप्प केलं नाही, ते लिहायला बसले. परक्या भाषेत, आपल्या ओवीत, सुमारे ११ हजार ओव्या!

आता आपल्या ब्रँचचा प्रॉब्लेम. हे छापायचं कसं? युरोपच्या लिपीला २४ अक्षरांचे साचे पुरत, इथल्या लिपीला सहाशेच्या घरात लागणार. आपली ही अडचण त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्राने कळवली. खिळे काही मिळाले नाहीत. शेवटी १६१६ मध्ये राचोलला ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. १६१९ मध्ये फादर वारले.

पुढे १९५६ साली शांताराम बंडेलूंनी पुण्यात तो देवनागरीत काढला. मूळ छपाईनंतर ३४० वर्षांनी!

आज देवनागरी आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, फुकट. रूममेटची चेष्टा केली खरी, पण माझेही मेसेज इंग्रजी अक्षरांतच असायचे. त्या रात्री आईला पहिल्यांदा देवनागरीत लिहिलं. तिचा लगेच फोन आला, बरं वाटत नाही का रे तुला?